बसऱ्याच्या लढाईतले आमचे पणजोबा

घराण्याचा इतिहास म्हटला, की आपल्याकडे सनदा निघतात, वतनाचे कागद निघतात, कुठल्यातरी रणात कामास आलेला एखादा शूर पुरुष निघतो. आमच्या घरी यांतले काहीच निघाले नाही. निघाले ते एक पदक, आणि तेही देव्हाऱ्यात! त्यावर पंख पसरलेली एक स्त्री आहे. घरातल्या बायकांनी तिला देवी समजून कितीतरी वर्षे हळदकुंकू वाहिले. वस्तुतः ते पहिल्या महायुद्धाचे विजयपदक. त्याच्या कडेवर बारीक अक्षरांत पणजोबांचा नंबर, हुद्दा, नाव आणि ११० मराठा ही पलटण कोरलेली आहे. जोडीला चांदीचेही एक पदक होते. ते एका दुष्काळात बियाण्यासाठी मोडले. काशाच्या या देवीला सोनाराने हात लावला नाही, म्हणून ती घरात राहिली.

आमचे गाव सातारा जिल्ह्यातले. जमीन थोडी, खाणारी तोंडे फार. अशा घरातला एक तरी मुलगा पलटणीत जायचा, हा त्या मुलखाचा रिवाजच. शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता. आज त्या आकड्याचे हसू येईल. पण पाऊस पडो वा न पडो, सरकारी पगार ठरलेला, ही गोष्ट कोरडवाहू शेतकऱ्याला लहान नव्हती. पणजोबा भरती झाले ते शौर्याच्या ओढीने नव्हे, भाकरीच्या ओढीने. १९१४ मध्ये पुणे डिव्हिजन इराणच्या आखाताकडे निघाली, तेव्हा त्यांचा पहिला मुलगा पाळण्यात होता.

ही सारी हकीकत मला आजीकडून, म्हणजे वडिलांच्या आईकडून मिळाली. तिने ती आपल्या सासूच्या तोंडून ऐकलेली. खुद्द पणजोबा लढाईविषयी बोलत नसत. कुणी फारच खनपटीला बसले, तर “बसरा मोठं गाव होतं, खजूर चांगला,” एवढे सांगून ते उठून जात.

जे ते बोलले नाहीत, ते आता ग्रंथांतून वाचायला मिळते. बसरा नोव्हेंबर १९१४ मध्येच पडले. सहज मिळालेल्या यशाने वरिष्ठांची हाव वाढली. जनरल टाउनशेंड यांच्या हाताखाली ही फौज टायग्रिस नदीच्या काठाने बगदादकडे सरकत गेली. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनला तुर्कांशी गाठ पडली आणि अपरिमित हानी सोसून फौजेला माघार घ्यावी लागली. नदीच्या वळणात वसलेल्या कूत या गावात ती शिरली आणि तिथेच अडकली. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या.

वेढा जवळजवळ पाच महिने चालला. बाहेरून सोडवणुकीचे प्रयत्न झाले; ते सारे फसले. विमानांतून धान्याची पोती टाकून पाहिली. अखेर २७० टन रसद भरून जुलनार नावाची आगबोट रात्री नदीतून पाठवली. तीही तुर्कांच्या हाती पडली. आत शिधा रोज घटत होता. तोफा आणि गाड्या ओढणारी जनावरे मारून त्यांचे मांस वाटण्यात येऊ लागले. हिंदी शिपायांनी घोड्याचे मांस खाण्यास नकार दिला. मग हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची अनुज्ञा बिनतारी संदेशाने मागवण्यात आली. ती आली, तरी पुष्कळांचे मन घेईना. कुणी म्हणत, गुरू इथे उपाशी कुठे आहेत? कुणाला भीती, की ही गोष्ट गावी कळली, तर पोरीबाळींची लग्ने कशी व्हायची? हिरड्या सुजून, अंगातले त्राण जाऊन माणसे पडू लागली. एप्रिलमध्ये अनेकांनी डोळे मिटून तो घास गिळला.

पणजोबांनी तो गिळला की नाही? गावाने हा प्रश्न पुष्कळदा विचारला. त्यांनी उत्तर दिले नाही. पण आजी एक गोष्ट सांगे. बाजाराच्या दिवशी ते तालुक्याला गेले, की टांग्याच्या अड्ड्यावर थांबत आणि तिथल्या घोड्याला मूठभर हरभरा आपल्या हाताने चारत. घरी मीठमिरचीला पैसा नसला, तरी तो हरभरा चुकला नाही.

२९ एप्रिल १९१६ रोजी कूत पडले. नोकरचाकर धरून सुमारे १३,००० माणसे कैद झाली. सेनापती टाउनशेंडसाहेबांची रवानगी इस्तंबूलजवळच्या एका बेटावर झाली आणि तिथे त्यांची बडदास्त ठेवण्यात आली. शिपायांना मात्र उन्हातून सामरा, मोसुलच्या वाटेने पायी हाकलण्यात आले. रास-अल्-ऐनला हिंदी कैद्यांकडून रेल्वेचे काम करवून घेतले. वाटेत आणि कैदेत हजारो माणसे दगावली.

इकडे गावात काय चालले होते? पत्र नाही, निरोप नाही. थोरल्या दिरांनी सुचवले, की आता काय ते मनाशी समजावे. पणजीने कुंकू पुसण्यास साफ नकार दिला. “बारा वर्षं वाट बघायची रीत हाय. दोन झाली. दहा हायती अजून,” असे ती म्हणाली.

१९१७ च्या पावसाळ्यात एक कार्ड आले. ते मोडीत होते, आणि पणजोबांना तर लिहिता येत नव्हते! मग हे कार्ड खरे कशावरून? मास्तरांनी चावडीवर, साऱ्या गावादेखत ते वाचले. मजकूर दोन ओळींचा: मी बरा आहे, कपिलेला विकू नका. कपिला ही आमची गाय. दीर तिला विकायला निघाले होते, ते थांबले. नवऱ्याच्या हयातीचा पुरावा त्या गायीने दिला.

पणजोबा १९१९ मध्ये परतले. उंबऱ्यात त्यांनी पहिल्यांदा मुलाचे नाव घेऊन हाक मारली. मुलगा आदल्या वर्षीच्या मानमोडीच्या तापात गेला होता. ते कळवणारे पत्र त्यांच्यापर्यंत पोचलेच नव्हते.

बसऱ्याला त्या युद्धाचे मोठे स्मारक उभारले. १९९७ मध्ये ते नासिरियाकडे जाणाऱ्या रस्त्यावर हलवण्यात आले. त्यावर ४० हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. साहेबांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे तेथे कोरली. साध्या हिंदी शिपायांचे मात्र पलटणीपुढे नुसते आकडे घातले. पणजोबा जगले, म्हणून त्या आकड्यातही नाहीत. पणजी तर कुठेच नाही.

तिने मात्र त्या लढाईतून एक धडा घेतला. नवऱ्याची खबर परक्या माणसाने चावडीवर वाचावी आणि आपण मान खाली घालून ऐकावी, हे तिला फार लागले होते. पुढे १९२० मध्ये आमचे आजोबा झाले आणि १९२३ मध्ये एक मुलगी. मुलगी सहा वर्षांची होताच पणजीने तिला हाताला धरून शाळेत नेले. शाळेत तेव्हा सारी मुलगेच होती. मास्तरांनी विचारले, “हिला शिकून काय करायचंय?”

पणजी म्हणाली, “घरात आलेला कागद घरातल्या बाईला वाचता आला पाहिजे.”