पाण्याला वाट हवी

पाऊस हा गोमंतकाचा आगंतुक पाहुणा नव्हे. तो घरचाच आहे. वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस या भूमीवर कोसळतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. असे असताना पाऊस जोराने लागला की राजधानीच्या १८ जून मार्गावर पाणी तुंबावे, आणि सखल वाड्यांतील गृहिणींनी रात्र रात्र घरातले पाणी उपसत बसावे, याला दैव म्हणण्यास आम्ही तयार नाही. हा नियोजनाचा दोष आहे.

आमच्या पूर्वजांना पाण्याचा स्वभाव ठाऊक होता. म्हणूनच त्यांनी घराचे जोते उंच घेतले, अंगणाला उतार दिला आणि पागोळ्यांचे पाणी वहाळाकडे वळविले. खाजनातील मानस तर त्यांच्या बुद्धीची साक्षच होय. भरतीच्या दाबाने त्याची दारे आपोआप मिटतात आणि ओहोटी लागली की आतले पाणी ती ढकलून बाहेर पडते. गावकरीने शतकानुशतके ही व्यवस्था सांभाळली.

भूमिगत निचऱ्याचे शास्त्रही याहून निराळे नाही. पाणी केवळ आभाळातून येत नाही, ते जमिनीच्या पोटातूनही येते. आमचा जांभा दगड सच्छिद्र असल्यामुळे डोंगरमाथ्यावर मुरलेले पाणी पायथ्याच्या घरांच्या भिंतींत ओल होऊन प्रकटते. त्यावर उपाय आहे. घराच्या डोंगराकडील अंगास चर खणावा, त्यात धुतलेली खडी व छिद्रे पाडलेला नळ घालावा, माती आत शिरू नये म्हणून भोवती गाळणीचे कापड गुंडाळावे आणि शंभर फुटांस निदान एक फूट उतार द्यावा. मात्र चर पायाच्या तळाखाली जाऊ देऊ नये. छपराचे पाणी या नळात सोडू नये, आणि संडासाच्या टाकीचे तर मुळीच नव्हे. या रचनेस ‘फ्रेंच ड्रेन’ म्हणतात. तिचा फ्रान्सशी संबंध नाही. १८५९ साली शेतीच्या निचऱ्यावर ग्रंथ लिहिणाऱ्या हेन्री फ्रेंच या अमेरिकन गृहस्थाचे ते नाव आहे.

परंतु खरा प्रश्न नळाच्या दुसऱ्या टोकाशी उभा राहतो. ते पाणी जायचे कोठे? शेजाऱ्याच्या अंगणात? आपले घर कोरडे राखून खालच्या आळीतील गरिबाचे घर बुडविणे याला निचरा म्हणत नाहीत. १८४३ साली राजधानी झालेली पणजी बव्हंशी दलदल बुजवून वसविलेली आहे. मांडवीला भरती आली की गटारांची मुखे पाण्याखाली जातात, आणि नेमक्या त्याच वेळी मुसळधार पाऊस लागला तर पाण्याने परतायचे कोठून? सांतिनेजच्या खाडीसारख्या वाटा मोकळ्या असतील तरच शहर श्वास घेऊ शकेल. आम्ही मात्र त्या वाटांत कचरा टाकला, काठांवर अतिक्रमणे केली, आणि पाणी साठवून धरणारी शेते भराव घालून बुजविली.

खाजनांना संरक्षण देण्याची विशेष तरतूद २०११ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेत झाली. कागदावरचे संरक्षण बांधावर दिसले पाहिजे. प्रत्येक पंचायतीने व पालिकेने आपल्या हद्दीतील वहाळ, गटारे आणि मानसींचा नकाशा लोकांपुढे मांडावा. मे महिना सरण्यापूर्वी गाळ उपसावा, आणि उपसलेला गाळ पुन्हा काठावरच टाकून पहिल्या सरीबरोबर आत लोटू नये. पाणी कोणत्या वाटेने जाईल हे दाखविल्याखेरीज एकाही भरावास परवानगी मिळू नये.

१९६१ साली ही भूमी मुक्त झाली, ती जनतेने आपला कारभार स्वतः पाहावा म्हणून. डोळ्यांना न दिसणारे गटार हीदेखील त्या कारभाराची कसोटीच आहे. त्याच्या उद्‌घाटनाची फीत कोणी कापत नाही, पण ते तुंबले की प्रथम बुडते ते सर्वांत दुबळ्याचे घर. पाण्याची वाट अडविण्याचा अधिकार कोणालाही नाही, हे शासनाने आणि नागरिकांनीही येत्या पावसाळ्यापूर्वी ध्यानी घ्यावे.