डाग कुठे थांबतो

पालघर आणि डहाणू तालुक्यांत भात कापून शेत मोकळं होईस्तोवर मिरचीचं रोप लागवडीला तयार असावं लागतं. त्यामुळे गणपती उठले की ट्रेमध्ये बी पडतं आणि दिवाळीच्या आगेमागे लागवड सुरू होते. वाणगाव, चिंचणी, बोईसरच्या अल्याडपल्याडची गावं, सगळीकडे तीच गडबड. कुणाची ढोबळी, कुणाची ज्वाला, कुणाची पिकाडोर. या पट्ट्यात भातानंतर हातात पैसा देणारं पीक म्हणजे मिरची, आणि तिचं वर्षाचं गणित त्या पस्तीस-चाळीस दिवसांच्या रोपवाटिकेत ठरतं. संकरित बियाणं महाग. ९८ खणांचा ट्रे, प्रत्येक खणात एकच दाणा, तोही बोटाने टोचून लावलेला. म्हणून ऑक्टोबरमध्ये फोन वाजला आणि पलीकडचा माणूस म्हणाला, "भाऊ, रोपं जळाली. काल संध्याकाळी चांगली होती," की मी हातातलं काम ठेवून निघतो.

असं 'एका रात्रीत' झालेलं नुकसान बघायला जाताना सोबत फार काही लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, पांढरा कागद, पाण्यातले क्षार मोजायचा खिशातला ईसी मीटर, मार्कर पेन. सगळ्यात जास्त लागतो तो वेळ. रोपवाटिकेत शिरल्याबरोबर लोक करपलेलं पान हातात देतात आणि "कोणतं औषध मारू?" असं विचारतात. मी ते पान घेतो, पण आधी बघतो ती न करपलेली रोपं. डाग कुठे आहे हे सगळ्यांना दिसतं. तो कुठे थांबला, हे शोधावं लागतं, आणि बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं.

ही रोपवाटिका बोईसरपासून जवळ. बांबू आणि लोखंडी पाइपांवर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट, बाजूला बारीक जाळी, खाली जमिनीवर अंथरलेल्या कापडावर ट्रेंच्या रांगा. रोपं चार-पाच पानांवर आलेली. निम्म्याहून जास्त ट्रेंमध्ये वरच्या पानांवर फिकट, कागदासारखे कोरडे चट्टे होते. काही पानांची टोकं तपकिरी होऊन मुरडली होती. मालक काका मनाशी ठरवूनच उभे होते. "कंपनीचा वास आला होता रात्री. त्यानेच झालंय."

हा संशय मी कधी हसण्यावारी नेत नाही. बोईसरला लागून असलेल्या तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायनं, औषधं, रंग, कापड, पोलाद असं सगळं एका जागी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूरचा आकडा ९३.६९ होता, देशातल्या औद्योगिक पट्ट्यांत सर्वांत वर. वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे जावं लागलं. पलीकडे डहाणू तालुका १९९१ मध्ये केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, आणि तिथल्या औष्णिक वीज केंद्रावरून चिकूच्या बागायतदारांनी वर्षानुवर्षं लढा दिला. अशा मुलखात रात्री नाकाला झोंबणारा वास आला आणि सकाळी पान पांढरं दिसलं, तर शेतकरी दुसरं काय म्हणणार? पण संशय खरा ठरवायचा तर पानाने साक्ष द्यायला हवी, कारण उद्या तक्रार करायची झाली तर तिथे पानच टिकेल.

वायूचं नुकसान आपली खूण सोडतं. सल्फर डायऑक्साइड पानाच्या छिद्रांतून आत जातो. शिरा हिरव्या राहतात, शिरांमधला भाग हस्तिदंती पांढरा पडतो, आणि तो डाग पानाच्या दोन्ही बाजूंना सारखा दिसतो. सर्वाधिक मार बसतो तो नुकत्याच पूर्ण उमललेल्या पानांना. अगदी कोवळा शेंडा आणि जुनी पानं तुलनेने वाचतात. फ्लोराइड असेल तर टोक आणि कडा करपतात आणि मेलेल्या व जिवंत भागांमध्ये गडद रेघ दिसते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वायूला मिरची, पपई, तण यांतला भेद कळत नाही. काही झाडं नाजूक, काही चिवट, हा फरक राहतो. पण वाऱ्याच्या वाटेवर काहीच भाजलेलं नाही आणि फक्त ट्रेमधली मिरची भाजली, असं होत नाही. शेडनेट वायूला अडवतही नाही.

म्हणून आम्ही आधी बाहेर फिरलो. कुंपणाला पपईची झाडं होती, वालाचा वेल होता, बांधावर घाणेरी आणि दगडी पाला. वसाहतीच्या बाजूचा बांध मी गुडघ्यावर बसून पाहिला. वालाचं पान कोवळं, पातळ, असल्या माऱ्याला लवकर बळी पडणारं. ते स्वच्छ होतं. पपईही स्वच्छ. काका काही बोलले नाहीत, पण त्यांनी स्वतः आणखी दोन ठिकाणचा वेल उलटून पाहिला.

मग पाणी. किनाऱ्यालगतच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये खाऱ्या होतात हे इथे पोरासोरांनाही ठाऊक असतं. शिवाय नारळाच्या भुशाचं कोकोपीट नीट धुतलेलं नसेल तर त्यातच मीठ असतं. पण क्षारांचं नुकसान हळूहळू चढतं. खालच्या, जुन्या पानांच्या कडा आधी करपतात, आणि मुळांची टोकं तपकिरी होतात. इथे खालची पानं हिरवीगार होती. मी एक रोप खणातून अलगद उचललं. मुळं पांढरीशुभ्र, कोकोपीटला घट्ट धरून. पावसाळा नुकताच सरलेला, विहीर भरलेली, आणि मीटरवरचा आकडा रोपांना सहज चालेल असा. पाणी आणि मूळ, दोघंही निर्दोष.

भिंग काढायची पाळी आली तेव्हा काकांचा मुलगा पुढे झाला. शेंड्यातली पानं पांढऱ्या कागदावर झटकली. फुलकिडे असते तर बारीक पिवळसर किंवा काळे ठिपके कागदावर पळताना दिसले असते, पानाच्या कडा वर वळून होडीसारख्या झाल्या असत्या. २०२१ नंतर आंध्र-तेलंगणात मिरचीचा फडशा पाडणारे काळे फुलकिडे आले, तेव्हापासून ही झटकणी मी कधी टाळत नाही. कागदावर काही हललं नाही. पिवळ्या कोळ्याने पान खाली वळतं, देठ लांब होतो. पानं उलटून भिंगाखाली धरली, तर एखाद-दुसरा कोळी दिसला, तोही मेलेला. इथे मी थांबलो. कोळी मेलेला आहे म्हणजे कुणीतरी औषध मारलं आहे.

"कधी मारलंत?"

"परवा सकाळी. पाण्यात मिसळणारं गंधक. दुकानदार म्हणाला, कोळ्याला चांगलं."

गंधक कोळ्याला चांगलंच. प्रमाणही काकांनी बरोबर घेतलं होतं. मग चट्ट्यांकडे नव्याने पाहिलं. वरचं पान खालच्या पानावर जिथे आडवं आलं होतं, तिथे खालचा भाग त्याच आकारात हिरवा राहिला होता. डाग पानाच्या वरच्याच बाजूला ठळक, आणि थेंब ओघळून जमतो त्या टोकापाशी जास्त. म्हणजे नुकसान वरून, थेंबाच्या रूपात आलं. पण उन्हाचा चटकाही वरूनच येतो, आणि ऑक्टोबरची उन्हं कडक असतात. तर हे ऊन की औषध?

याचं उत्तर पुन्हा न करपलेल्या रोपांनी दिलं. उत्तरेकडच्या चार रांगा पूर्ण हिरव्या होत्या. त्याच जाळीखाली, तेच ऊन, तेच पाणी. काका म्हणाले, "ती मागाहून पेरलेली. लहान आहेत म्हणून वाचली असतील." मला ते पटेना. लहान, कोवळ्या पानाला तर औषध जास्त लागतं. त्यांनाही परवा गंधक मारलं होतं का? हो, त्याच पंपाने, त्याच सकाळी. मग मोठ्या रांगांना असं काय मिळालं होतं, जे या चार रांगांना मिळालं नाही?

उत्तर काकूंकडे होतं. रोपवाटिकेतल्या बायकांची हजेरी त्या वहीत लिहीत, आणि कोण काय कामाला होतं तेही. आठवड्यापूर्वीच्या पानावर होतं: निंबोळी तेल फवारणी, दक्षिणेकडच्या सगळ्या रांगा. उत्तरेकडची रोपं तेव्हा दोनच पानांवर होती, म्हणून ती सोडली होती.

तेल आणि गंधक ही जोडी मिरचीला घातक आहे. निंबोळी तेलाचा पातळ थर पानावर दिवसचे दिवस राहतो. त्यावर गंधक पडलं की ते तेलात विरघळतं आणि पानावरच्या मेणाच्या थरातून थेट पेशींपर्यंत पोचतं. म्हणूनच दोघांत किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा असं सांगतात. त्यात उष्णता ३२ अंशांच्या वर गेली की नुसतं गंधकही पान भाजू शकतं. ऑक्टोबरमध्ये शेडनेटखाली दुपारी तेवढं तापतंच. दोन्ही औषधं चांगली, दोन्ही माफक, दोन्हींच्या वेष्टनांवर मिरचीचं चित्र. दुकानात दोन वेगवेगळ्या दिवशी गेलेल्या माणसाला हे कोण सांगणार? इथे मला काकांपेक्षा त्या व्यवस्थेचा राग येतो, जिथे औषध विकणारा हाच बहुतेक गावांत पिकाचा डॉक्टर असतो. त्याला मागची फवारणी विचारायची सवय नसते. पीक वाचवायला धडपडणाऱ्या माणसाच्या हातूनच पीक भाजतं.

तरीही मी लगेच निकाल दिला नाही. काकांना कंपनीवरचा संशय सोडायचा तर डोळ्यांनी बघायला मिळायला हवं होतं. उत्तरेकडच्या हिरव्या रांगेतले तीन ट्रे वेगळे काढले आणि मार्करने खुणा केल्या. दोन दिवस आधीच्या गंधकाचा अंश त्यांच्यावर होताच, म्हणून ते साध्या पाण्याने धुऊन वाळवले. एकावर नुसतं निंबोळी तेल, दुसऱ्यावर नुसतं गंधक, तिसऱ्यावर आधी तेल आणि वाळल्यावर गंधक. तिन्ही एकाच जागी, एकाच उन्हात. तिसऱ्या ट्रेच्या पानांवर पुढच्या दोन दिवसांत तेच फिकट, कोरडे चट्टे उठले. बाकी दोन हिरवे राहिले. काकांच्या मुलाने त्याचे फोटो काढून दुकानदाराला पाठवले, आणि मला तेच जास्त कामाचं वाटलं.

करपलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही, हे स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर लोक त्याच्यावर टॉनिक आणि खत ओततात आणि दुखणं वाढवतात. आम्ही मोठ्या रांगांवर सकाळच्या वेळी हलकं साधं पाणी फवारून जमेल तेवढा थर उतरवला. आठ-दहा दिवस कोणतंही औषध नाही, खत अर्ध्यावर. भाजलेली पानं तोडू दिली नाहीत, कारण त्यांचा उरलेला हिरवा भागही रोपाला अन्न देतो. शेंड्यावर मात्र रोज लक्ष ठेवायचं. नवं पान डागाविना, सरळ उमललं तर रोप लागवडीच्या लायक, शेंडाच काळा पडला तर ट्रे बाद. शेवटी लागवडीच्या दिवशी बहुतेक ट्रे शेतात गेले, थोडे टाकावे लागले. काकांनी त्यांतल्या कमजोर रोपांना लागवडीत बांधाकडची जागा दिली.

आणखी एक काम मी आवर्जून करून घेतलं. भातात रुंद पानांच्या तणांसाठी '२,४-डी' मारलेला पंप लोक तसाच मिरचीला वापरतात, आणि तळाशी उरलेल्या थेंबांनी मिरचीचं पान पट्टीसारखं लांबट आणि पिळवटलेलं होतं. या रोपवाटिकेत तसं झालेलं नव्हतं, पण पंप एकच होता. तणनाशकाचा वेगळा पंप आता लाल रंगाने रंगवून गोठ्याच्या बाजूला टांगला आहे. काकूंच्या वहीत हजेरीच्या शेजारी नवा रकाना आखला आहे: तारीख, औषध, कोणती रांग, किती वाजता. बोईसरहून रात्री वास आला तर तोही त्यात लिहायचा, वाऱ्याच्या दिशेसकट. काकांनी मला दाखवताना तो रकाना आधी उघडला.