आपण जिंकलो, ते हरले!

गेल्या हिवाळ्यात ओपीडीत बापलेक आले होते. वडील 58 वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तपासणी वडिलांची होती, पण स्टुलावर टेकल्या टेकल्या त्यांनी तक्रार सुरू केली ती मुलाची.

‘‘डॉक्टर, ह्याला जरा समजवा. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइल. बरं, स्वतः खेळतोय म्हणावं तर तेही नाही. दुसराच कुणीतरी गेम खेळतोय आणि हा बघत बसलाय. ह्याला काय अर्थ आहे?’’

मी रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला. 170 वर 100. घसा बसलेला होता. गोळ्या घेतल्या का विचारलं, तर म्हणाले, ‘‘काल राहिल्या. काल मॅच होती नव्हं.’’ गृहस्थ कोल्हापूरचे. तिथे पेठापेठांच्या, तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने शाहू स्टेडियमवर असले की दुपारपासूनच माणसं घराबाहेर पडतात. निकाल विचारला, तर चेहरा खुलला. ‘‘जिंकलो की! दोन-एक.’’

मुलगा हळूच म्हणाला, ‘‘मॅच पप्पाच खेळत होते सर.’’

पोराने वर्मावर बोट ठेवलं होतं. जिंकलो, हे प्रथमपुरुषी क्रियापद मोठं गमतीचं आहे. संघ हरला की तोच माणूस म्हणतो, ‘‘हरले लेकाचे. बचावफळीत दमच नाही.’’ अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सियाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 मध्ये नेमकं हेच दाखवलं. विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की पुढच्या सोमवारी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे घालून येणारी मुलं वाढायची. सामन्याबद्दल विचारलं, तर विजयानंतर ‘आम्ही’ जास्त ऐकू यायचं आणि पराभवानंतर ‘ते’. त्या मुलाला मी त्याच्या आवडत्या गेमिंग संघाबद्दल विचारलं. ‘‘मागच्या वेळी आम्ही तिसरे आलो. ह्या वेळी त्यांनी शेवटच्या झोनमध्ये माती केली,’’ तो म्हणाला. व्याकरण थेट बापाचं!

दुसऱ्याचा खेळ बघण्यात काय अर्थ, हा प्रश्न माझ्या पिढीने विचारू नये. सचिन बाद झाला की टीव्ही बंद करणारे आम्ही. ‘तू जागेवरून उठलास म्हणून विकेट गेली’ असं म्हणून पाहुण्यालाही एका जागी बसवून ठेवणारे आम्ही. त्यातल्या किती जणांनी शाळा सुटल्यावर बॅट हातात धरली होती? मोबाइलवर गेमचे सामने लाखो मुलं बघतात. त्यांचेही नायक आहेत, जर्सी आहेत, आयुष्यभराची खुन्नस आहे. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत, म्हणजे 2023 मध्ये, ई-स्पोर्ट्सना पदकंही होती.

आणि शरीराला पडदा पाच इंची आहे की समोर खरं मैदान आहे, याच्याशी देणंघेणं नसतं. 1994 च्या विश्वचषकात ब्राझील-इटली अंतिम सामना टीव्हीवर बघणाऱ्या चाहत्यांची लाळ तपासली गेली होती. सामन्यानंतर ब्राझीलवाल्यांचं टेस्टोस्टेरॉन वाढलेलं आणि इटलीवाल्यांचं उतरलेलं आढळलं. अभ्यास छोटा होता, पण खुर्चीत बसलेला माणूसही शरीराने जिंकतो-हरतो, हे त्यातून दिसलं. 1998 मध्ये लंडनच्या संशोधकांनी आठ पुरुषांना रणगाड्याचा व्हिडिओ गेम खेळायला लावून मेंदूचा पेट स्कॅन केला, तेव्हा डोपामाइन स्रवत असल्याचं आढळलं. हे डोपामाइन हल्ली व्हॉट्सअॅपवर विषासारखं बदनाम झालं आहे. आवडीचं जेवण समोर आलं तरी मेंदूत ते काम करतंच, त्यामुळे निव्वळ त्याच्या नावाने घाबरू नये.

घाबरायचं कुठे, ते वेगळं आहे. 2006 चा फुटबॉल विश्वचषक जर्मनीत झाला. म्युनिक परिसरातल्या डॉक्टरांनी त्या काळातल्या हृदयविकाराच्या तातडीच्या रुग्णांची नोंद ठेवली आणि 2008 मध्ये ती प्रसिद्ध केली. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी अशा रुग्णांचं प्रमाण एरवीच्या 2.66 पट होतं, पुरुषांमध्ये तर 3.26 पट. सर्वांत जास्त रुग्ण सामना सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या दोन तासांत आले. ज्यांना आधीपासून हृदयविकार होता, त्यांना धोका अधिक होता. सगळ्याच देशांतल्या अभ्यासांत एवढी वाढ दिसलेली नाही, हेही सांगायला हवं. पण कारण समजण्यासारखं आहे. उत्तेजनेत अॅड्रेनालिन वाढतं, ठोके आणि रक्तदाब चढतात, रक्तवाहिनीतला चरबीचा थर फाटून गुठळी होऊ शकते. त्यात जागरण, सिगारेट, दारू आणि राहिलेल्या गोळ्या. माझ्या अनुभवात सगळ्यात घातक असते ती ‘मॅच संपल्यावर जाऊ’ ही वृत्ती. छातीत दुखायला लागल्यावर गेलेला एक तास हृदयाचा स्नायू कायमचा घेऊन जातो. 

गेमच्या बाबतीतही असा इशारा आहे, पण तो फारसा कुणाला माहीत नाही. गेम खेळताना अचानक बेशुद्ध पडलेल्या किंवा हृदयाची लय बिघडलेल्या 22 मुलांची माहिती ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या देशांतून गोळा करून 2022 मध्ये मांडली. त्यातली काही मुलं दगावली. बहुतेकदा निमित्त होतं अनेकांनी मिळून खेळायचे लढाईचे गेम. बऱ्याच मुलांत हृदयाच्या विद्युत यंत्रणेचा आनुवंशिक दोष निघाला. हे दोष दुर्मीळ असतात, त्यामुळे प्रत्येक मुलाचा मोबाइल हिसकावायची गरज नाही. पण गेमच्या ऐन रंगात, किंवा धावताना, भांडताना, मूल एकदा जरी शुद्ध हरपून पडलं तर ‘चक्कर आली असेल, जेवला नव्हता’ म्हणून सोडून देऊ नका. ईसीजी काढा, हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर ते आवर्जून सांगा.

मग दोन्ही वेडांत फरक काहीच नाही का? एक मोठा आहे. फुटबॉलच्या सामन्यात पंच शेवटची शिट्टी वाजवतो आणि माणसं घरी जातात. गेम संपू नये अशाच बेताने बनवलेला असतो. एक फेरी संपायच्या आत दुसरीचं बोलावणं येतं आणि आज आला नाहीस तर बक्षीस जाईल, अशी भीतीही घातली जाते. (क्रिकेटही हल्ली वर्षभर संपत नाही, पण ते असो.) जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत घेतलं, ती यादी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. मात्र निदान तासांवर होत नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्याच्या आधी गेम येणं, नुकसान दिसत असूनही थांबता न येणं आणि त्यापायी अभ्यास, नोकरी, नाती मोडकळीला येणं, हे सर्वसाधारणपणे बारा महिने चाललं तर तो विकार. अशांसाठी बेंगळुरूच्या निमहान्समध्ये 2014 पासून खास क्लिनिक आहे. आपल्याकडे जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जायला हरकत नाही. तिथे जाण्याची लाज मात्र पालकांनाच जास्त वाटते.

या मुलाला मी चार प्रश्न विचारले. परीक्षा पास होता. मित्र होते. शनिवारी सकाळी स्वतः क्रिकेट खेळायला जायचा. झोप तेवढी कमी होती. हा आजारी नव्हता, चाहता होता. रात्रीचे सामने दुसऱ्या दिवशी बघता येतात, हे त्याने स्वतःच कबूल केलं. त्या खोलीत उपचारांची खरी गरज होती ती तक्रार करणाऱ्याला. वडिलांना मी स्टेडियम बंद केलं नाही. सांगून कोण ऐकणार? रक्तदाब ताब्यात येईपर्यंत मॅच घरूनच बघायची, मॅचच्या दिवशी सकाळच्या गोळ्या आधी, जिभेखालची गोळी खिशात, आणि छातीत जड वाटलं की स्कोअर काहीही असो, थेट कॅज्युअल्टी, एवढं ठरलं.

दीड महिन्याने दोघे परत आले. रक्तदाब 132 वर 84. वडिलांनी आता मैदानावर जायची परवानगी मागितली आणि मी दिली. जिभेखालची गोळी मुलाच्या पाकिटात होती. तोही सोबत जाणार होता.

‘‘आणि गेमचं काय?’’ मी विचारलं.

‘‘रविवारी बघितला ह्याच्याबरोबर,’’ वडील म्हणाले. ‘‘कोण कुणाला मारतंय, काय कळत नाही बघा. पण आमची टीम दुसरी आली.’’