अगत्तीला विमानाने जाताय? फोन आणि बॅग घरीच तयार करा

लक्षद्वीपचे रील्स बघून अनेकांनी बॅग भरायला घेतली आहे. तिकीट काढणं फोनवर दोन मिनिटांचं काम आहे. पण अगत्तीचा विमानतळ मुंबई-पुण्यासारखा नाही. तिथे उतरल्यावर "नेटवर बघू" म्हणून चालत नाही. माझं सरळ म्हणणं आहे की या ट्रिपची निम्मी तयारी घरच्या वायफायवरच उरकायची. का ते सांगतो.

विमानतळ केवढा आहे?

लक्षद्वीपमध्ये ३६ बेटं आहेत, त्यातल्या १० बेटांवर वस्ती आहे आणि धावपट्टी फक्त अगत्तीला आहे. राजधानी कवरत्तीलाही विमान उतरत नाही. तिकिटावर अगत्तीचा कोड एजीएक्स असा दिसतो. हा विमानतळ १९८८ मध्ये सुरू झाला. बेटाच्या दक्षिण टोकाला धावपट्टी आणि तिच्या दोन्ही बाजूंना समुद्र, असा सगळा मामला.

धावपट्टीची लांबी जेमतेम १.३ किलोमीटर. मुंबईची मुख्य धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणून इथे मोठी जेट विमानं येत नाहीत, एटीआर ७२ सारखी पंख्याची विमानं येतात. विमान जितकं जड, तितकं त्याला उडायला जास्त अंतर लागतं. त्यात उकाड्यात हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते. त्यामुळे इथे प्रत्येक किलोचा हिशोब होतो.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा: बॅगेच्या वजनाची मर्यादा तिकिटावर नीट वाचा. औषधं, चार्जर, एक जोडी कपडे हातातल्या बॅगेत ठेवा, म्हणजे मोठी बॅग मागे राहिली तरी अडणार नाही. ती हातातली बॅगही छोटीच घ्या, कारण एटीआरमध्ये डोक्यावरचा कप्पा लहान असतो. एक फायदाही आहे. या विमानाचा पंख खिडक्यांच्या वर असतो, त्यामुळे खाली निळं पाणी मस्त दिसतं.

तिकिटाआधी परमिट

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. लक्षद्वीपचे रहिवासी नसलेल्या भारतीयांनाही तिथे जायला प्रवेश परवाना लागतो. यासाठी १९६७ पासूनचे नियम आहेत. लक्षद्वीप प्रशासनाच्या ई-परमिट पोर्टलवर अर्ज करता येतो. सोबत पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट लागतं. महाराष्ट्रात ते पोलिसांच्या ऑनलाइन सेवेतून काढता येतं, पण पडताळणीला दिवस लागतात. म्हणून आधी परमिटचं बघा, मग पैसे परत न मिळणारं तिकीट काढा.

तीन गोष्टी तपासा. आधार, तिकीट आणि परमिट यांवर नावाचं स्पेलिंग एकच हवं. तुम्ही जाणार ती सगळी बेटं परमिटवर हवीत. आणि परमिटच्या दोन-तीन प्रिंट जवळ हव्यात. ओळखपत्र डिजिलॉकरमधलं चालतं, पण परमिट मात्र कागदावर ठेवाच. चेक-इनच्या रांगेत पीडीएफ उघडत नाही म्हटल्यावर मागचे लोक वाट बघतील, विमान नाही.

जायचं कसं?

नेहमीचा रस्ता कोचीवरून. अंतर सुमारे ४६० किलोमीटर, वेळ साधारण दीड तास. आपल्याला जवळचा पर्याय म्हणजे गोवा: फ्लाय९१ ने २०२४ मध्ये मोपाहून अगत्तीची सेवा सुरू केली. मात्र अशा मार्गांचं वेळापत्रक बदलत राहतं, त्यामुळे तारीख ठरवण्याआधी कंपनीच्या ॲपवर बघा.

पावसाळ्यात विमानं रद्द होण्याची शक्यता वाढते. परतीला कोचीहून पुढचं विमान वेगळ्या तिकिटावर असेल, तर पहिलं विमान चुकल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. मी तर म्हणेन, मध्ये एक रात्र मोकळी ठेवाच.

नेटवर्क मिळतं का?

मिळतं, आणि पूर्वीपेक्षा बरंच चांगलं. आधी बेटांचं सगळं इंटरनेट उपग्रहावरून यायचं. जानेवारी २०२४ मध्ये कोची ते लक्षद्वीप समुद्राखालच्या फायबर केबलचं उद्घाटन झालं. सरकारी माहितीनुसार क्षमता १.७ जीबीपीएसवरून २०० जीबीपीएसवर गेली.

पण केबल बेटापर्यंत आली म्हणजे तुमच्या फोनपर्यंत आली असं नाही. शेवटचा टप्पा मोबाइल टॉवरचा असतो. तुमच्या कंपनीचा टॉवर जवळ नसेल तर त्या केबलचा तुम्हाला काय उपयोग? बीएसएनएल आणि एअरटेल ही इथली जुनी नावं आहेत. ड्युअल सिम फोन असेल तर यातलं एक सिम आधीच चालू करून ठेवा.

तरीही नेट नाही असं धरूनच चला:

- बोर्डिंग पास, परमिट, हॉटेलचं बुकिंग यांचे स्क्रीनशॉट गॅलरीत एका अल्बममध्ये ठेवा.
- गुगल मॅप्समध्ये अगत्तीचा भाग ऑफलाइन डाउनलोड करा. जीपीएसला डेटा लागत नाही, फोन थेट उपग्रहाचे सिग्नल पकडतो. फक्त पहिल्यांदा जागा सापडायला थोडा जास्त वेळ लागतो.
- यूपीआयवर विसंबू नका, रोख ठेवा. नेट नसताना *९९# डायल करून पैसे पाठवता येतात, पण त्यालाही मोबाइल नेटवर्क लागतंच.
- पॉवर बँक हातातल्या बॅगेत. मर्यादा १०० वॅट-अवरची असते. हिशोब सोपा आहे: एमएएच भागिले १०००, गुणिले ३.७. म्हणजे २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॅट-अवर भरते आणि चालते.
- ड्रोन परवानगीशिवाय नेऊ नका.

कवरत्ती किंवा बंगारमला जायचं असेल तर पुढचा प्रवास सहसा बोटीचा. बोट कोण पाठवणार, किती वाजता, आणि त्या माणसाचा नंबर, हे सगळं निघण्याआधी लिहून घ्या. विमान उशिरा आलं तर त्याला कळवायचं कसं, तेही विचारा.

जागा मोजक्याच आहेत

ही विमानं पर्यटकांसाठीच नाहीत. मोठ्या उपचारांसाठी, कॉलेजसाठी, कामासाठी बेटावरचे लोक याच विमानांनी कोचीला जातात. दुसरा मार्ग जहाजाचा, आणि त्याला बराच जास्त वेळ लागतो. धावपट्टी लांब करायची म्हटलं तरी आजूबाजूला समुद्र आणि प्रवाळ. त्यामुळे इथली एक रिकामी सीट ही मुंबई-दिल्ली विमानातल्या रिकाम्या सीटसारखी नसते.

म्हणून एक विनंती. परमिट मिळालं नाही किंवा बेत बदलला, तर तिकीट शेवटच्या क्षणापर्यंत अडवून ठेवू नका. ॲपमध्ये जाऊन लगेच रद्द करा. तुमचे थोडे पैसे परत येतील, आणि कदाचित तिथल्या एखाद्या आजारी माणसाला सोबत जायला नातेवाईक मिळेल.