अवजड जुनी मोटार न्यायची, तर ट्रॉली कोणती घ्यावी?

सभासद बंधूंनो, गाळप हंगाम संपला की आपल्या ट्रॉल्या गोठ्याशेजारी उभ्या राहतात, आणि रिकामी ट्रॉली दिसली की कुणाला ना कुणाला काहीतरी वाहून न्यायची आठवण होते. कुणी खत नेतो, कुणी वीट, कुणी लग्नाचे वऱ्हाड. (वऱ्हाड नेऊ नये. हे आम्ही दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कुणीतरी नेतोच.) पण यंदा आमच्या ऊस वाहतूक विभागाकडे एका सभासदांनी जी विचारणा केली ती वेगळीच होती. "जुनी शेव्हरोलेट इम्पाला ट्रॉलीत बसेल का?"

हकीकत अशी. या सभासदांची बहीण चंद्रपूर जिल्ह्यात पोंभुर्ण्याला दिलेली. तिचे सासरे लाकडाच्या ठेकेदारीत होते. चार पैसे हातात असताना त्यांनी नागपूरहून १९५९ सालच्या बनावटीची इम्पाला जुन्यात घेतली. सासरे गेले, गाडी पडवीत उभी राहिली ती राहिलीच. आता पडवीचे कवेलू सरकले आहेत, वासे वाळवीने खाल्ले आहेत. भाच्याच्या मनात गाडी दुरुस्त करायची आहे आणि चंद्रपूरचा एक मिस्त्री तयार आहे. मृगाच्या आत गाडी हलली नाही तर छप्पर तिच्यावरच बसणार. शिवाय त्या भागात पाऊस लागला, धानाचे पऱ्हे टाकून झाले, की ट्रॅक्टर चिखलणीला जातात. मग भाड्यानेही कुणी मिळत नाही. म्हणजे घाई खरी होती.

आता इम्पाला म्हणजे काय, हे तरुण सभासदांना सांगितले पाहिजे. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९२८ पासून होता, तो १९५४ मध्ये बंद झाला. इम्पाला अमेरिकेत निघाली १९५८ साली, तेव्हा ती आपल्याकडे आली ती बाहेरूनच. कुर्ल्याला १९४७ पासून ज्या डॉज आणि प्लिमथ जुळवल्या जात, त्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या, म्हणजे वालचंद हिराचंदांच्या. वालचंदनगरची साखर आणि कुर्ल्याची मोटार यांचा धनी एकच होता, ही गोष्ट आपल्या धंद्यातल्या माणसाने लक्षात ठेवावी. असो.

मुद्दा मापाचा आहे. अ‍ॅम्बेसेडर सगळ्यांनी पाहिली आहे. तिची लांबी सव्वाचौदा फूट, रुंदी साडेपाच फूट. १९५९ ची इम्पाला लांबीला साडेसतरा फूट आणि रुंदीला सहा फूट आठ इंच. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर सुमारे दहा फूट. वजन सोळाशे किलोच्या आसपास. आता बघा, सोळाशे किलो म्हणजे उसाच्या मानाने काहीच नाही. आपल्या सभासदांचेही तेच म्हणणे होते. "साहेब, ज्या ट्रॉलीत मी पाच टन ऊस घालतो, तिला दीड टनाची मोटार जड जाईल होय?"

इथेच फसगत होते. उसाची मोळी ट्रॉलीचा आकार घेते. मोटार घेत नाही. अकरा फूट लांब, सहा फूट रुंद अशा साध्या दोनचाकी ट्रॉलीत इम्पालाची चारही चाके कशीबशी बसतील, कारण चाकांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर पावणेसहा फुटांच्या आत आहे. पण अंग सहा फूट आठ इंच! ते फाळक्यांना घासणार. फाळके खाली पडणारे असतील तर ठीक, वेल्डिंगने पक्के केलेले असतील तर दरवाजे चेपलेच समजा. शिवाय बरेचसे शेपूट मागे लोंबणार, आणि नाक पुढे इतके येणार की वळणावर ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला टेकेल. तेव्हा पहिली गोष्ट, टनाचा आकडा विचारू नका. टेप घेऊन जा. हौद्याची आतली लांबी-रुंदी, फाळके पडतात की नाही, आणि जमिनीपासून हौद्याची उंची, ही मापे आधी घ्या.

टनाबद्दलही एक घोटाळा आहे तो सांगून टाकतो. नोंदणी पुस्तकात ट्रॉलीचे रिकामे वजन आणि भारासह वजन असे दोन आकडे असतात. त्यांची वजाबाकी म्हणजे तुम्ही घालू शकता तो माल. भारासह वजनाचा आकडाच मालाचा समजून चालणारे आम्ही काट्यावर रोज पाहतो.

उंची ही खरी दुखणाईत बाब. साध्या ट्रॉलीचा हौदा साडेतीन फुटांवर असतो. दहा फुटी फळ्या लावून गाडी चढवायची म्हटली तर दर दहा फुटांना साडेतीन फूट चढ. सोळाशे किलोची गाडी त्या चढावर ओढायला, घर्षण सोडून, साडेपाचशे किलोची ओढ लागते. हौदा दोन फुटांवर असेल तर तीच ओढ सव्वातीनशेवर येते. आणि या अमेरिकन गाड्यांची शेपटी लांब असल्याने चढ उभा असला की मागचा बंपर जमिनीला घासतो, तो वेगळाच ताप.

पोंभुर्ण्याला पहिला प्रयत्न झाला तो नेमका असाच, आणि त्यात आमचीही चूक होती, हे इथे कबूल करतो. सभासदांच्या आग्रहावरून आमच्यापैकी दोघे तिकडे गेलो होतो. गावातलीच धान वाहणारी ट्रॉली आणली, ऐनाच्या फळ्या टाकल्या, आणि हौद्याच्या पुढून दोर घेऊन दुसऱ्या ट्रॅक्टरने गाडी ओढायला सुरुवात केली. दोर बांधला होता बंपरला. इतकी वर्षे उभ्या गाडीचे ब्रेक ड्रमला गंजून चिकटलेले, हे आमच्या ध्यानातच आले नाही. चाके फिरेनात, फरफटायला लागली. गाडी अर्ध्या फळीवर असताना बंपरचा एक ब्रॅकेट उखडला. गाडीच्या मागे शेजारचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा कौतुकाने उभा होता. एका म्हाताऱ्या गड्याने त्याच्या आधीच क्षणभर हाक दिली होती, "त्या पोराले बाजूले घ्या जी, दोर खात आहे!" मुलगा सरला आणि गाडी घरंगळत खाली आली. ज्या ठिकाणी तो उभा होता तिथून ती वावभर पुढे जाऊन थांबली. त्या दिवशी कुणाच्या घशाखाली भाकर उतरली नाही.

म्हणून सांगतो. गाडी ओढत असताना तिच्या मागे आणि ताणलेल्या दोराच्या रेषेत कुणीही उभे राहू नये. मालकाने नाही, मिस्त्रीने नाही, पोरांनी तर नाहीच. दोर किंवा साखळी बंपरला न बांधता चासीला बांधावी. आदल्या दिवशी चारही चाके जॅकवर उचलून हाताने फिरतात का ते पाहावे. नसतील फिरत तर चाक काढून ड्रमला लाकडी हातोड्याने चहूबाजूंनी ठोके द्यावेत आणि गंजावर तेल सोडून रात्रभर ठेवावे. टायरमध्ये हवा भरावी. आणि ट्रॅक्टरने हिसका देण्यापेक्षा चेन-पुली लावून एकेक कडी ओढावी. प्रत्येक हातभर चढानंतर मागच्या चाकामागे लाकडी पाचर सरकवत जावी. वेळ लागतो, लागू द्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही चढच काढून टाकला. बांधीच्या धुऱ्याला मागून ट्रॉली लावली, की हौदा आणि धुरा एका पातळीत येतात. धान भरताना शेतकरी हेच करतो, मोटार भरताना आपण विसरतो. धुरा नसेल तर ट्रॉलीची चाके जातील असा चर खणून घ्यावा. दोन मजुरांचे अर्ध्या दिवसाचे काम, पण ते सगळ्यात स्वस्त पडते.

ट्रॉली मात्र बदलली. आता निवडीकडे येऊ.

तिकडे बांबू आणि लाकूड वाहायला लांब, चारचाकी ट्रॉल्या मिळतात. पुढचा आस कडीवर फिरतो. यांचा फायदा असा, की मालाचा भार ट्रॅक्टरच्या हुकवर येत नाही, ट्रॉली आपल्या चार पायांवर उभी असते. लांबीही पुरते. तोटा असा, की हौदा उंच आणि मागे घेताना ती भलतीकडेच वळते. सराईत चालक नसेल तर नको.

दोनचाकी ट्रॉलीत भार हुकवर येतो, आणि तो किती यावा यावर सगळे अवलंबून आहे. सर्वसाधारण नियम असा, की ट्रॉली आणि माल मिळून जे वजन होईल त्याच्या दहा ते पंधरा टक्के हुकवर यावे. गाडी फार मागे बसली तर हुक वर उचलला जातो, ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात, पकड जाते, आणि जरा वेग आला की ट्रॉली सापासारखी वळवळू लागते. गाडी फार पुढे बसली तर ट्रॅक्टरचे नाक उचलले जाते आणि स्टिअरिंग ऐकत नाही. हुकपासून आसापर्यंत दहा फूट धरले, तर सोळाशे किलोची गाडी नुसती सहा इंच पुढे-मागे केल्याने हुकवर ऐंशी किलोंचा फरक पडतो. इंजिन जड असते म्हणून गाडीचे तोंड ट्रॅक्टरकडे ठेवावे, आणि बांधण्यापूर्वी थोडी पुढे-मागे करून पाहावी. वजनकाटा जवळ असला तर उत्तम. मूलला राइस मिली आहेत, तिथे काटे आहेत. आधी पूर्ण वजन करावे, मग नुसती ट्रॉलीची चाके काट्यावर घेऊन करावे. ट्रॅक्टरचे वजन वजा जाता जो फरक उरेल तो हुकवरचा भार.

आम्ही शेवटी जी घेतली ती यंत्रे वाहायची बुटकी ट्रॉली. हौदा दोन फुटांवर, फाळके नाहीत, मध्यावर जवळजवळ दोन आस. दोन आसांचे मोल टायर फुटल्यावर कळते, कारण एक फुटला तरी ट्रॉली कलंडत नाही. हौदा बुटका असल्याने भाराचा तोलही खाली राहतो. आणि मुख्य म्हणजे तिला स्वतःचे ब्रेक होते. आपल्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतात किंवा असून चालत नाहीत, हे आपण सगळे जाणतो आणि सगळे गप्प बसतो. उतारावर बिनब्रेकची ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते, आणि वळण असेल तर त्याला आडवे करते. वेग दुप्पट झाला की थांबवायची शक्ती चौपट लागते. वीसने चालणारा ट्रॅक्टर चाळीसने नेला तर काय होईल, याचा हिशेब प्रत्येकाने घरी करावा.

बांधताना दोराऐवजी रॅचेटचे पट्टे वापरा. नायलॉनचा दोर ताणतो आणि ढिला पडतो. पट्टे अंगावरून न नेता चाकांना किंवा आसाला घ्यावेत. अंग स्प्रिंगवर हलत राहते आणि पट्टा सैल करते. मागचे दोन पट्टे एकमेकांना फुली करून बांधावेत म्हणजे गाडी आडवी सरकत नाही. पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरला थांबून पुन्हा आवळावेत. आम्ही थांबलो तेव्हा चारपैकी दोन ढिले झालेले होते.

मूल ते चंद्रपूर रस्ता चिचपल्लीच्या बाजूने जंगलातून जातो. चितळ, रानडुक्कर अचानक आडवे येते, म्हणून उजेडातच निघावे आणि उजेडातच पोचावे. मागे तांबडे परावर्तक लावावेत. हंगामात आपण ट्रॉल्यांना लावतो तेच.

एवढे करूनही हा सल्ला गावापासून तालुक्यापर्यंत, फार तर जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंतचाच आहे. आपल्या सभासदांचा पुढे गाडी इकडे आणायचा विचार आहे. त्यांना आम्ही स्पष्ट सांगितले, की लांबच्या पल्ल्याला ट्रॅक्टर नको. मागे कलून खाली येणाऱ्या हौद्याचा ट्रक शहरात भाड्याने मिळतो. गाडी त्यावर जवळपास सपाटच चढते, भाडे जास्त पडते पण रात्रीची झोप लागते. शेतीच्या नावावर नोंदलेली ट्रॉली भाड्याच्या मालाला वापरली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते. ट्रॉलीचा नंबर विम्यात आहे की नाही, हेही आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. आजच पेटी उघडून पाहा.

राहिली कागदपत्रे. पन्नास वर्षांवरील मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये वेगळे नियम काढले. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, नोंदणी दहा वर्षांची, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरे. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला किंवा इंधन भरायला रस्त्यावर काढता येते, रोजच्या वापराला नाही. भाच्याने सासऱ्यांच्या ट्रंकेतून जुने नोंदणी पुस्तक शोधून काढले आहे. पाने उंदरांनी कुरतडली आहेत, पण इंजिनचा नंबर वाचता येतो.

गाडी आता चंद्रपुरात मिस्त्रीच्या शेडमध्ये आहे. बंपरचा ब्रॅकेट वेल्डिंगने जोडला, त्याचे पैसे आम्ही दोघांनी दिले.