फुटबॉलपटूंच्या स्नायूदुखापती : प्रतिबंधाचे शास्त्र

एप्रिल २०२१ मध्ये एफसी गोवा हा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय संघ ठरला. मडगावच्या फातोर्डा मैदानावर १४ ते २९ एप्रिल या १६ दिवसांत त्याने सहा सामने खेळले. दोन सामन्यांमध्ये केवळ दोन दिवसांची विश्रांती होती. सामन्यांमधील अंतर असे कमी झाले की स्नायूदुखापतींचे प्रमाण वाढते, असे युरोपातील पाहणीत आढळले आहे.

दुखापतीचे स्वरूप

युरोपीय फुटबॉल महासंघाचा दुखापतींविषयीचा अभ्यास २००१ पासून सुरू झाला. त्याच्या २०११ मधील निष्कर्षांनुसार २५ खेळाडूंच्या संघात दर हंगामात सुमारे १५ स्नायूदुखापती होतात. त्यांपैकी ३७ टक्के 'हॅमस्ट्रिंग' म्हणजे मांडीच्या मागील स्नायूंच्या असतात. सुमारे १६ टक्के स्नायूदुखापती पुन्हा उद्भवलेल्या असतात व त्यांत खेळाडू अधिक काळ मैदानाबाहेर राहतो.

वेगाने धावताना हे स्नायू ताणले जात असतानाच पुढे झेपावणाऱ्या पायाचा वेग रोखतात. याच क्षणी तंतू फाटण्याचा संभव असतो. वेदना लवकर शमते. शक्ती मात्र उशिरा परतते. या मधल्या काळात खेळाडू मैदानात उतरल्यास दुखापत पुन्हा होते.

प्रतिबंधाचे उपाय

ताणलेल्या अवस्थेत स्नायू बळकट करणे हा पहिला उपाय होय. 'नॉर्डिक' व्यायामात खेळाडू गुडघ्यांवर उभा राहतो, साथीदार त्याचे घोटे धरतो व खेळाडू धड सावकाश पुढे झुकवितो. यास कोणतेही उपकरण लागत नाही. डेन्मार्कमधील ५० संघांच्या ९४२ खेळाडूंवर प्रयोग करण्यात आला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हा व्यायाम करणाऱ्या गटात १५, तर इतर गटात ५२ दुखापती झाल्या. पुन्हा उद्भवणाऱ्या दुखापतींत घट सर्वाधिक होती.

दुसरा उपाय सरावाच्या भाराचे नियोजन हा आहे. भार क्रमाक्रमाने वाढवावा, अतिवेगाच्या धावांचा सराव खंडित होऊ देऊ नये आणि सामन्यांच्या गर्दीत सराव कमी करावा. तिसरा उपाय पुनरागमनाच्या निकषांचा. दोन्ही पायांची शक्ती समतुल्य झाल्यावर व पूर्ण वेगाने वेदनारहित धावता आल्यावरच खेळाडूस सामन्यात उतरवावे.

अंमलबजावणीचा प्रश्न

युरोपातील ५० व्यावसायिक संघांच्या २०१५ मधील पाहणीत बहुसंख्य संघांनी नॉर्डिक कार्यक्रम पूर्णपणे अंगीकारलेला नव्हता. एकूण दुखापतींतील हॅमस्ट्रिंगचा वाटा २००१-०२ मध्ये १२ टक्के होता; २०२१-२२ मध्ये तो २४ टक्क्यांवर गेला. म्हणजेच उणीव ज्ञानाची नसून अंमलबजावणीची आहे. साधनांची टंचाई असलेल्या भारतीय क्लबांना व जिल्हा संघांना हा बिनखर्चाचा उपाय विशेष उपयुक्त आहे. त्यासाठी प्रशिक्षकांच्या प्रशिक्षणातच त्यास स्थान मिळणे आवश्यक आहे.