विद्यापीठ, पश्चिम विभाग आणि मांजरसुंब्याचा खेळाडू

बीडच्या दक्षिणेस सुमारे २० किलोमीटरवर, बालाघाटाच्या डोंगररांगेत, मांजरसुंबा हे गाव आहे. धुळे-सोलापूर महामार्गास पाटोद्याकडून येऊन नेकनूर-केजकडे जाणारा रस्ता येथे छेदतो. या चौकातून निघणाऱ्या चार वाटा पुढे चार विद्यापीठांच्या क्षेत्रांत पोचतात. उत्तरेची वाट छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे जाते आणि दक्षिणेची सोलापूर विद्यापीठाकडे. पूर्वेची वाट लातुरात शिरताच नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाची हद्द लागते, तर पश्चिमेची अहिल्यानगरमार्गे पुणे विद्यापीठाच्या प्रदेशात उतरते. तथापि येथील विद्यार्थ्याने कोणत्या संघाचा गणवेश घालावा, हे रस्त्यावरून ठरत नाही. ते त्याच्या महाविद्यालयाच्या संलग्नतेवरून ठरते, आणि बीड जिल्हा यांपैकी पहिल्या विद्यापीठाच्या अधिकारक्षेत्रात मोडतो.

ही हद्द इतिहासाने आखलेली आहे. हैदराबाद संस्थानाच्या काळात मराठवाड्यातील उच्च शिक्षण १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाशी निगडित होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा प्रदेश मुंबई राज्यात आला व १९५८ च्या ऑगस्टमध्ये मराठवाडा विद्यापीठ अस्तित्वात आले. पुढे १९९४ मध्ये नांदेडचे विद्यापीठ स्वतंत्र झाले, तेव्हा लातूर तिकडे गेले व बीड जुन्या विद्यापीठाकडे राहिले. अंबाजोगाईचा कबड्डीपटू आणि लातूरचा कबड्डीपटू यांची गावे शेजारची. पण तेव्हापासून ते प्रतिस्पर्धी संघांचे झाले.

विद्यापीठाच्या वरची पायरी भारतीय विद्यापीठ संघाची होय. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या आंतरविद्यापीठ मंडळाने १९७३ मध्ये हे नाव धारण केले. संघाने क्रीडास्पर्धांसाठी देशाचे चार विभाग पाडले असून, महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान व गोवा हे प्रदेश पश्चिम विभागात येतात. सांघिक खेळांत प्रथम विभागीय सामने होतात व प्रत्येक विभागातील पहिले चार संघ अखिल भारतीय फेरीस पात्र ठरतात. मैदानी स्पर्धांत मात्र विद्यापीठाचा खेळाडू थेट अखिल भारतीय मैदानावर उतरतो. राज्यातील विद्यापीठांसाठी ‘अश्वमेध’ महोत्सव निराळा आहे. या सर्वांचे प्रवेशद्वार एकच: आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, निवड चाचणी आणि प्रशिक्षण शिबिर. जो कोणत्याही महाविद्यालयाच्या पटावर नाही, त्याला ही शिडी चढताच येत नाही.

अमेरिकेतील विद्यापीठे ज्यास ‘कॉन्फरन्स’ म्हणतात, ती संस्था याहून अगदी भिन्न आहे. तेथे विद्यापीठे आपखुशीने करार करून एकत्र येतात आणि प्रक्षेपणाच्या हक्कांचे उत्पन्न वाटून घेतात. १८९६ मध्ये सात विद्यापीठांनी सुरू केलेल्या ‘बिग टेन’ या मध्य-पश्चिमेतील संघटनेत २०२४ पासून कॅलिफोर्नियातील विद्यापीठेही आहेत व सभासदसंख्या १८ झाली आहे. नावातील दहाचा आकडा तेवढा शिल्लक राहिला. भारतीय विद्यापीठाला विभागाची निवड करता येत नाही, आणि विभागाकडून धनलाभही नाही. संघाचा प्रवास, भोजन व निवास यांचा भार त्याने स्वतःच सोसावयाचा असतो. हे नाते नकाशाचे आहे. त्यात सौदा नाही, ही त्याची जमेची बाजू मानावी लागेल.

परंतु नकाशाबरोबर एक वेळापत्रकही येते, आणि बीडच्या विद्यार्थ्याचे खरे दुखणे तेथे आहे. महाविद्यालयीन व विभागीय सामन्यांचा हंगाम मुख्यतः पावसाळा ओसरल्यापासून हिवाळ्याच्या अखेरीपर्यंत चालतो. नेमक्या याच दिवसांत बालाघाटातील सहस्रावधी कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात. मागे राहिलेल्या तरुणावर धाकटी भावंडे, म्हातारी माणसे आणि गुरे यांचा भार पडतो. कित्येकदा त्यालाही फडात जावे लागते. मग १५० किलोमीटरवरील शिबिरास तो उपस्थित कसा राहणार? त्याची अनुपस्थिती नोंदली जाते. तिचे कारण नोंदले जात नाही.

जिल्ह्यात खेळाडू नाहीत, असे म्हणावयास जागा नाही. आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे यांनी २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३,००० मीटर अडथळा शर्यतीत रौप्यपदक, तर हांगझोऊ येथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. बारावीनंतर ते सैन्यात भरती झाले व त्यांचे धावणे तेथेच घडले. पाटोद्याचे राहुल आवारे यांनी २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचे सुवर्णपदक जिंकले. त्यांना घडविले ते पुण्याच्या तालमीने. दोघांनाही वर नेणारी संस्था राहण्याची, खाण्याची व बारमाही सरावाची सोय करणारी होती. विद्यापीठाचे शिबिर काही दिवसांचे असते.

विभागीय सामन्यांच्या तारखा विद्यापीठाच्या हाती नसतात. महाविद्यालयीन फेरी व निवड चाचणी मात्र त्याच्या हाती असते. ती दसऱ्यापूर्वी, तोडणीच्या टोळ्या निघण्याआधी उरकणे शक्य आहे. काळ्या मातीच्या मैदानावर भाद्रपदात धावपट्टी आखता येत नाही, ही अडचण मैदानी स्पर्धांपुरती राहीलच. कबड्डी व कुस्ती यांस मात्र मॅट आणि छप्पर पुरते.